सासूबाईंच्या रायफलची उसळी

जावईबापूंना धक्का म्हणून सोसत नसे, मग तो कशाचाही असो. त्यांचं लेथचं वर्कशॉप होतं, हाताला सफाई होती आणि डोक्यात एकच किडा होता: जे आपटतं ते आपटता कामा नये. घरातले ड्रॉवर ढकलले की शेवटच्या वितीवर दमाने घेत आणि हूं की चूं न करता मिटत. खुर्च्यांच्या पायांना रबर होतं. खोल्यांच्या दारांना वरच्या बाजूला पितळी डॅम्पर होते, जावईबापूंनी स्वतः कातलेले. दार कितीही जोरात लोटा, ते अर्ध्या वाटेत विचार बदलायचं आणि मांजराच्या पावलांनी चौकटीला जाऊन टेकायचं. "या घरात माणसाला धड रागावतासुद्धा येत नाही," असं त्यांची बायको म्हणायची आणि तणतणत दार आपटायला जायची. दार काही आपटायचं नाही.

माणसांच्या बाबतीतही त्यांचं हेच. कुणी आवाज चढवला की "बरोबर आहे तुमचं" म्हणून हे मोकळे. सासूबाईंपुढे तर त्यांच्या तोंडून "हो आई" याखेरीज तिसरा शब्द निघाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. लग्नात अंगठी चुकीच्या हातात घातली जात होती तेव्हाही ते "हो आई" म्हणाले होते. बायको अजून ते उकरून काढते.

सासूबाई म्हणजे वेगळंच प्रकरण होतं. उभं आयुष्य मोजणी खात्यात गेलं, दुर्बिणीला डोळा लावून लोकांच्या हद्दी सरळ करण्यात. सुट्टीच्या दिवशी रायफल क्लब. क्लबात लहानथोर सगळे त्यांना मावशी म्हणत आणि जरा टरकूनच असत. रायफल त्यांची स्वतःची होती, जाड काडतुसाची, अक्रोडी दस्त्याची, गालाच्या जागी लाकूड झिजून गुळगुळीत झालेली. नव्या पोरांच्या हातात ती दिली की एका गोळीत त्यांचा उत्साह ओसरे. मावशी मात्र तिचे धक्के खाऊन खाऊन तिला आपलीशी करून बसल्या होत्या.

मग जिन्यावरून पाय घसरला आणि उजवा खांदा मोडला. ऑपरेशन झालं, आणि मावशी लेकीकडे चार दिवस म्हणून राहायला आल्या त्या मागच्या खोलीत कायमच्या स्थिरावल्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हात वर जाईल, केस विंचरता येतील, बंदूकही उचलाल; पण तिचा तसला धक्का त्या खांद्यावर घ्यायचा नाही.

एके दिवशी जेवताना सासूबाईंनी चमचा खाली ठेवला.

"मी ठरवलंय," त्या म्हणाल्या. "क्लबच्या संघातल्या चौथ्या जागेसाठी कप्तानाने चाचणी ठेवलीय. एक मी आणि दुसरा आमच्या क्लबातला तो दंतवैद्य. त्या दिवशी मला जमलं तर जमलं. नाही तर रायफल दंतवैद्यालाच देऊन टाकायची. केव्हापासून मागतोय बिचारा. कपाटात उभी करून रोज तिचं तोंड बघणं मला नाही जमायचं."

"हो आई," जावईबापू म्हणाले.

टेबलाखाली बायकोने त्यांच्या पायावर असा पाय दिला की जावईबापूंच्या डोळ्यांत पाणी तरळलं. पुढे भांडी पुसताना तिने त्यांना ओट्याशी गाठलं.

"हो काय म्हणता? रायफल गेली की आई खचेल. ती दिवसभर त्या खोलीत बसून काय करणार आहे, पडद्यांची मापं घेणार? तुम्ही अख्ख्या घराची वाचा बसवलीत. एका बंदुकीचा धक्का कमी करता येत नाही तुम्हाला?"

जावईबापूंनी फडकं खांद्यावर टाकलं आणि ते ओल्या ओट्यावर बोटाने रेघा मारायला लागले. बायकोने ओळखलं, आता हा माणूस घरात असून नसल्यासारखा होणार.

झालंही तसंच. पुढचे कित्येक दिवस ते लेथवर वाकलेले असत. कप्तान म्हणजे क्लबचा सर्वेसर्वा, गळ्यात शिट्टी आणि कपाळावर आठी; त्याची रीतसर परवानगी काढली, त्याच्याकडून थोडं समजून घेतलं, आणि रायफलीच्या नळीच्या तोंडावर बसेल असं एक पोलादी नळकांडं तयार केलं. क्लबातले लोक अशा वस्तूला मझल ब्रेक म्हणतात. सासूबाईंनी ते हातात घेऊन फिरवून पाहिलं आणि त्याचं नाव ठेवलं, मुसकं.

त्यातली गंमत अशी होती. गोळी सुटली की तिच्या पाठोपाठ नळीतून वायूचा लोट येतो. तो बाजूच्या भोकांतून वळवला तर रायफल मागे कमी रेटते. वरच्या भोकांतून सोडला तर तो नळीचं तोंड खाली दाबून धरतो, एरवी ते तोंड प्रत्येक गोळीला आकाशाकडे उसळतं. बाजूची भोकं जावईबापूंनी कायमची उघडी ठेवली होती. वरच्या भोकांवर मात्र एक कडं बसवलं होतं. एका बाजूला फिरवलं की भोकं उघडत, दुसऱ्या बाजूला फिरवलं की झाकली जात. बोटांना पकड यावी म्हणून कड्यावर बारीक जाळी पाडली होती, आणि ती इतकी देखणी होती की बायको म्हणाली, एवढी नक्षी माझ्या बांगडीवर नाही.

जावईबापूंनी स्वतः आयुष्यात गोळी झाडली नव्हती. फटाका वाजला तरी ते दचकत. म्हणून त्यांनी रायफल एका घसरत्या गाडीवर घट्ट आवळली, नळीला आडवी पेन्सिल बांधली, बाजूला एक पुठ्ठा उभा केला आणि घोडा ओढायचं काम कप्तानावर सोपवून कान झाकून भिंतीकडे तोंड केलं. मुसक्याशिवाय पेन्सिलीने पुठ्ठ्यावर उभा चढ काढला. मुसकं लावल्यावर चढ उतरला. जावईबापू कडं थोडं थोडं उघडत गेले तसतशी रेघ आडवी होत गेली, आणि कडं पुरतं उघडल्यावर पुठ्ठ्यावर उमटली ती पट्टीने मारल्यासारखी सपाट रेघ.

"जावई, अहो ही हललीच नाही!" कप्तान म्हणाला. त्याच्या कपाळावरची आठी त्या दिवशी पहिल्यांदा गेली.

जावईबापूंनी तो पुठ्ठा कापून पाकिटात ठेवला. दुसरे लोक मुलांचे फोटो ठेवतात.

सासूबाईंचा पहिला दिवस रेंजवर सणासारखा गेला. वयस्कांच्या गटात खुर्चीत बसून, कोपरं टेबलावर टेकून नेम धरायचा असतो. त्या बसल्या, दस्ता त्या दुखऱ्या खांद्याला लावला, आणि मागे उभ्या असलेल्या लेकीने डोळे मिटून घेतले. आवाज झाला तो मात्र दणदणीत. बाजूच्या भोकांतून सुटलेला वारा शेजारच्या टेबलावर गेला आणि दंतवैद्याची टोपी, त्याची सुटी टार्गेटं आणि त्याचा अर्धा सँडविच एकदमच उडाले.

"मावशी!" दंतवैद्य खाली वाकून सँडविच शोधत ओरडला. "इतक्या वर्षांत एवढी थोबाडीत नव्हती मारलीत हो!"

सासूबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या खांदा चाचपत होत्या.

"दुखलं नाही," त्या म्हणाल्या. मग परत म्हणाल्या, "अगं, दुखलंच नाही." आणि क्लबातल्या कुणी कधी पाहिलं नव्हतं ते त्या दिवशी पाहिलं, मावशींनी बाहीने डोळे पुसले. जावईबापूंना इतका आनंद झाला की त्यांनी दंतवैद्याला स्वतःचा सँडविच देऊ केला. कप्तानाने सासूबाईंचं टेबल कडेला हलवलं आणि मध्ये लाकडी फळी उभी केली.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. माशी शिंकली ती जलद फेरीत.

चाचणीत दोन फेऱ्या असतात. संथ फेरीत गोळ्या सावकाश झाडायच्या, दोन गोळ्यांमध्ये हवा तेवढा श्वास घ्यायचा. तिथे सासूबाई पूर्वीसारख्याच पक्क्या होत्या. जलद फेरीत मात्र घड्याळ लावून पाच गोळ्या, एकीमागून एक. पूर्वी ही त्यांची हातखंडा फेरी होती. आता टार्गेट जवळ आणलं तर पहिलं भोक मधोमध, आणि बाकीची चार त्याच्या खाली ओघळलेली.

सासूबाईंनी टार्गेट पाहिलं. जावईबापूंनी पाहिलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"छान झालंय हो तुमचं मुसकं," सासूबाई म्हणाल्या. "अगदी लोण्यासारखं."

"तुम्हीसुद्धा सुंदर मारलंत, आई," जावईबापू म्हणाले.

आणि तिथून पुढे त्या दोघांनी शिष्टाचाराचा जो काही कहर मांडला त्याला तोड नाही. सासूबाईंना मनातून वाटत होतं की रायफलीत काहीतरी बिनसलंय. पण जावयाने रात्रीचा दिवस करून वस्तू बनवलेली, तिला नावं कशी ठेवायची? जावईबापूंना वाटत होतं की सासूबाईंचं काहीतरी चुकतंय. पण तसं बोलायला लागणारी जीभ त्यांना देवाने दिलीच नव्हती. मग ते घरी येऊन नळकांडं घासत, भोकं साफ करत, मुळात कसलाच दोष नसलेल्या वस्तूतला दोष काढत बसत. पुढच्या खेपेला सासूबाई पुन्हा पहिलं भोक मधोमध पाडत, आणि बाकीची खाली. "आज बरं होतं," त्या म्हणत. "कालच्यापेक्षा बरंच," ते म्हणत. कालसुद्धा असंच होतं.

"तुम्ही दोघं फार गोड बोलताय एकमेकांशी," बायको म्हणाली. "मला भीती वाटायला लागलीय."

त्यात एका सकाळी दंतवैद्य घरी आला. माणूस मनाने चांगला. चहाला कुणी साखर विचारली तर दातांची आठवण करून देण्यापलीकडे त्याच्यात खोट नव्हती. येताना त्याने रायफलीची एक नवी पेटी आणली होती, आतून जांभळ्या मखमलीची.

"घाई नाही हो मावशी," तो ओशाळून म्हणाला. "तुमच्या रायफलीच्या मापाची दिसली, म्हणून घेऊन ठेवली. ती जिथे राहील तिथे नीट राहावी, एवढंच."

सासूबाईंनी मखमलीवरून हात फिरवला. "चांगली आहे," त्या म्हणाल्या, आणि उठून आपल्या खोलीत गेल्या. दार हलकेच टेकलं. जावईबापूंना त्या दिवशी चहा गोड लागला नाही.

ते उठून वर्कशॉपमध्ये जाऊन बसले. पाकिटातून ती सपाट रेघ काढून किती वेळ बघत राहिले. रायफल तर हलत नाही, मग गोळ्या खाली का जातात? पहिली जात नाही, पुढच्याच जातात, त्या का? आणि मग त्यांच्या लक्षात आलं की ही रेघ गाडीवर आवळलेल्या रायफलीची आहे. सासूबाईंच्या हातातल्या रायफलीची रेघ त्यांनी कधी काढलेलीच नव्हती. माप घेतलं होतं बंदुकीचं, आणि कोट शिवला होता सासूबाईंसाठी.

दुसऱ्या दिवशी पेन्सिल आणि पुठ्ठा घेऊन ते रेंजवर हजर. सासूबाईंना नळीला असलं लटांबर बांधलेलं आवडलं नाही, पण जावयाला नाही कसं म्हणायचं? त्यांनी गोळी झाडली. जावईबापूंनी पुठ्ठा उचलला. रेघ सपाट नव्हती. वर चढलेलीही नव्हती. ती सुरुवातीपासून सरळ खाली घसरली होती.

त्यांनी आणखी एक गोळी झाडायला सांगितलं आणि या वेळी रायफलीकडे न बघता सासूबाईंच्या डाव्या हाताकडे पाहिलं. आवाजाबरोबर तो हात नळी खाली खेचत होता. सवयीने. वर्षानुवर्षं ही रायफल आकाशाकडे उसळत आली होती आणि वर्षानुवर्षं हा हात तिला खाली आणत आला होता. आता उसळी उरली नव्हती, पण हाताला ते कुणी कळवलं नव्हतं. पहिल्या गोळीनंतर नळी टार्गेटच्या पायाशी जाई, घड्याळ पुढे पळत असे, आणि नळी पुरती वर येण्याआधीच पुढची गोळी सुटे.

सगळं उलगडलं, आणि जावईबापूंना घाम फुटला. कारण आता हे सांगायला हवं होतं.

"कसं आहे?" सासूबाईंनी विचारलं. "बरं आहे ना?"

"ह..." जावईबापू म्हणाले. शब्द ओठांवर आला होता, अगदी तयार. मग त्यांना ती जांभळी मखमल आठवली.

"नाही, आई," ते म्हणाले.

शेजारच्या टेबलावर दंतवैद्याचं काडतूस हातातून निसटून पडलं. लेक मागच्या बाकावर बसली होती, तिने तोंडावर हात ठेवला.

"काय म्हणालात?"

"तुमचा हात चुकतोय. डावा. तुम्ही नळी खाली ओढताय."

"मी?" सासूबाईंचा आवाज चढला. "माझा हात? तुम्ही शाळेत पाटी घेऊन जात होता तेव्हापासून हा हात नेम धरतोय! मी काही बोलले नाही म्हणून माझ्या हातावर घसरता? दोष तुमच्या त्या मुसक्यात आहे! पहिल्या दिवसापासून आहे. रायफलीत जीवच ठेवला नाहीत तुम्ही. गोळी मारली की कळतसुद्धा नाही मारली म्हणून. मेलेला मासा धरल्यासारखं वाटतं!"

"मग पहिल्या दिवशीच का नाही सांगितलंत? लोण्यासारखं म्हणालात!"

"तुम्ही सुंदर म्हणालात ते? डोळे फुटले होते का?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून म्हणालो!"

"मीसुद्धा त्याचसाठी म्हणाले!"

दोघांचा आवाज इतका वर गेला की कप्तानाने शिट्टी फुंकली. जावईबापूंच्या आयुष्यातलं ते पहिलं भांडण. त्यांचे कान लाल झाले होते, आणि आपल्याला हे जमतंय याचं त्यांना आतून नवल वाटत होतं.

घरी आल्यावर दारातून आत शिरल्या शिरल्या सासूबाई तरातरा मागच्या खोलीत गेल्या आणि त्यांनी सगळा राग एकवटून दार लोटलं. दार अर्ध्यावर आलं, थबकलं, आणि अदबीने मिटलं.

मग आतून सासूबाईंचा आवाज आला, "या दारालासुद्धा मुसकं!"

बायकोला हसू आवरेना. ती स्वयंपाकघरात पळाली. जावईबापू मात्र त्या दारासमोर उभेच राहिले, आणि त्यांची नजर हळूहळू वर, पितळी डॅम्परकडे गेली. या घरात त्यांनी सगळ्यांना सुख दिलं असं ते आजवर समजत होते. आत एक बाई संतापली होती आणि तिला साधं दार आपटायची सोय नव्हती. त्यांना मनापासून वाईट वाटलं.

त्यांनी दार ठोठावलं.

"आई, हात तुमचा नाही चुकत. चुकलं माझं. तुमचा हात आता बदलायचा नाही. मी कडं बदलतो."

दार उघडलं. सासूबाईंच्या हातात डॉक्टरांनी व्यायामाला दिलेला रबरी चेंडू होता, आणि तो जोरजोरात पिळला जात होता. "म्हणजे?"

"वरची भोकं मी सताड उघडली होती. ती थोडी झाकायची. खांद्याचा रेटा बाजूच्या भोकांनी घेतलाय, तो तसाच कमी राहील. पण तोंड थोडं वर उसळू द्यायचं. तुमच्या हाताला ओढायला काहीतरी हवं ना."

सासूबाई चेंडू पिळायच्या थांबल्या. "किती उसळू द्यायचं?"

"ते मला नाही माहीत. ते तुम्ही सांगायचं. आणि या वेळी खरं सांगायचं."

"तुम्हीसुद्धा," सासूबाई म्हणाल्या.

चाचणीच्या आधी हाताशी थोडेच दिवस होते. ते दोघांनी रेंजवर भांडण्यात घालवले. सासूबाई गोळी झाडत, जावईबापू पुठ्ठा बघत, कडं केसभर फिरवत. "अजून मिळमिळीत आहे." "नाही, आता जास्त झाली, रेघ वर राहतेय." "तुमची रेघ गेली खड्ड्यात, मला हातात कळतं." "हाताला काय कळतं ते पाहिलंय आपण." दंतवैद्य फळीपलीकडून मान काढून ऐकत असे आणि म्हणे, माझ्या दवाखान्यात एवढा आरडाओरडा झाला तर पेशंट पळून जातील. शेवटी एका जागी कडं आलं आणि सासूबाईंनी पाचही गोळ्या एका दमात झाडल्या. नुसत्या हसल्या. पुठ्ठ्यावर पेन्सिल थोडी वर जाऊन जिथून निघाली तिथेच परत आली होती. जावईबापूंनी त्या जागी कड्यावर एक बारीक खूण कोरली.

चाचणीच्या दिवशी निम्मा क्लब जमला होता. संथ फेरीत दंतवैद्य एका गुणाने पुढे गेला. तो काही कच्चा नेमबाज नव्हता. सासूबाईंचा चेहरा उतरला नाही, पण लेकीने आईला ओळखलं होतं. मान ताठ झाली की आई घाबरलेली असते. जांभळ्या मखमलीची पेटी दंतवैद्याच्या गाडीत होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

जलद फेरीसाठी सासूबाई टेबलाशी बसल्या. कप्तान घड्याळाकडे बघत होता, हाक अजून द्यायची होती. तेवढ्यात सासूबाईंचा हात पुढे गेला आणि त्यांची बोटं कड्यावर टेकली. भीती वाटली की माणूस जास्तीत जास्त बंदोबस्ताकडे जातो. त्या वरची भोकं पुन्हा सताड उघडायला निघाल्या होत्या.

"नाही, आई!"

सगळी रेंज मागे वळली. जावईबापू प्रेक्षकांच्या दोरीमागे उभे होते, लालबुंद, आणि स्वतःच्याच आवाजाने दचकलेले. कप्तानाने त्यांच्यावर डोळे वटारले. सासूबाईंनी वळून असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर दोरीखालून पसार झाला असता. जावईबापू हलले नाहीत. त्यांनी नुसती मान हलवली, आडवी.

सासूबाईंनी कड्यावरची बोटं काढली.

कप्तानाने हाक दिली. पहिली गोळी सुटली, नळी थोडीशी वर उसळली, हाताने तिला खाली आणली आणि ती जिथे हवी तिथे येऊन थांबली. दुसरी, तिसरी. जुन्या ओळखीच्या दोघी बोलत बसाव्यात तसं ते चाललं होतं, एक जरा उडी मारतेय, दुसरी तिला बस म्हणतेय. पाचवी सुटली आणि वेळ संपल्याची शिट्टी झाली. जावईबापूंच्या लक्षात आलं की पाचही आवाज त्यांनी कान न झाकता ऐकले होते.

दंतवैद्याचंही टार्गेट आलं, चांगलं होतं. सासूबाईंचं आलं. चार भोकं बिनघोर मधल्या काळ्या वर्तुळात. पाचवं अशा जागी, की आतल्या रेघेला शिवलं असेल तर सासूबाई एका गुणाने वर, नसेल तर बरोबरी, आणि बरोबरीत संथ फेरीचा पुढचा, म्हणजे दंतवैद्य. कप्तानाने चष्मा लावला, काढला, टार्गेट उजेडात धरलं.

"मला सांगता येत नाही," तो म्हणाला.

"आणा इकडे," दंतवैद्य म्हणाला. "भोकं बघणं हाच माझा धंदा आहे."

त्याने खिशातून भिंगाचा चष्मा काढला, किडलेले दात बघायचा, आणि टार्गेटवर वाकला. किती तरी वेळ वाकून राहिला. त्याला रायफल हवी होती, जागा हवी होती, आणि निकाल त्याच्याच नाकाखाली होता.

"लागलंय," तो म्हणाला. "रेघ कुरतडलीय. स्पष्ट आहे." मग भिंग काढून त्याने सासूबाईंकडे पाहिलं. "मावशी, ती पेटी तेवढी ठेवून घ्या. मी मखमलीत काय ठेवणार, कवळ्या?"

सासूबाईंनी सगळ्यांसमोर त्याच्या दोन्ही गालांवर हात ठेवले. दंतवैद्य इतका लाजला की त्याची टोपी या खेपेला वाऱ्याशिवायच पडली.

घरी परतताना गाडीत हास्यविनोद चालले होते, ते दारात पाऊल ठेवेपर्यंत टिकले. दारात सासूबाई म्हणाल्या, "दंतवैद्यालाही असंच एक मुसकं करून द्यायचं. या आठवड्यात."

"नाही," जावईबापू म्हणाले. त्यांना आता त्या शब्दाची चटक लागली होती. "आधी त्याचा हात बघणार, मग माप घेणार. आठवड्यात होणार नाही."

"मी शब्द दिलाय त्याला!"

"मला विचारून दिला असतात तर बरं झालं असतं."

सासूबाईंनी रायफलीची मखमली पेटी भिंतीशी ठेवली, तरातरा मागच्या खोलीत गेल्या आणि दार लोटलं.

धाड!

ताटाळ्यातल्या बश्या किणकिणल्या. स्वयंपाकघरात बायकोच्या हातातली पिशवी पडली. ती धावत बाहेर आली आणि तिने नवऱ्याकडे पाहिलं. जावईबापू शांतपणे उभे होते. दचकले होते, पण शांत होते. त्यांच्या शर्टाच्या खिशातून एक छोटा स्क्रूड्रायव्हर डोकावत होता.

"पुरता नाही काढला," ते हळूच म्हणाले. "थोडा सैल केलाय फक्त. सकाळी, तुम्ही दोघी तयार होत होतात तेव्हा."

मग मागच्या खोलीचं दार बोटभर उघडलं. फटीतून सासूबाईंचा एक डोळा दिसला. तो वर डॅम्परकडे गेला, तिथून जावयाकडे आला, आणि बघता बघता ओला झाला.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "आणखी एकदा आपटू का?"